दमल्यावर डोळे कुठे जातात

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही होतात तेव्हा हे वाक्य उच्चारायची माझी हिंमत नव्हती, आणि तुम्ही गेल्यावर, गेलेल्या माणसावर कसलं रागवायचं, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्यालाही आता निम्मं आयुष्य होत आलं. पण गेल्या आठवड्यात वासण्याच्या मैदानावर एक मुलगी सगळ्यांच्या देखत मान खाली घालून तुमचं वाक्य बोलली, आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

तुम्हाला माझं काम माहीत नाही, म्हणून आधी ते सांगते. इथे बडोद्यातच, वासण्यात, मुलींची एक फुटबॉल अकादमी आहे. तिथे मी खेळाडूंच्या चाचण्या घेते. कोण किती पळते, पळाल्यावर नाडी कधी खाली येते, आणि हल्ली, खेळताना कोण कुठे बघते. त्यासाठी एक चष्मा असतो, दिसायला साधाच, मागे रबरी पट्टा. त्यातला एक कॅमेरा समोरचं मैदान टिपतो आणि दोन बारीक कॅमेरे बुबुळं टिपतात. नंतर संगणकावर ते मैदान पुन्हा दिसतं आणि त्यावर एक लाल ठिपका फिरत असतो. तो ठिपका म्हणजे त्या मुलीची नजर. मुलगी ताज्या दमाची असते तेव्हा तो ठिपका माशीसारखा वागतो. बॉलवर बसतो, उडतो, डावीकडच्या मैत्रिणीवर, मागून धावत येणारीवर, मोकळ्या जागेवर, परत बॉलवर. मान सारखी खांद्यावरून मागे वळत असते. मग आम्ही तिला पळवतो, पोटऱ्या भरून येईपर्यंत पळवतो, आणि तोच खेळ पुन्हा खेळायला लावतो. आता माशी जड झालेली असते. बॉलवर बसली की उठत नाही. खांद्यावरून मागे बघणं जवळजवळ थांबतं. आणि मुलीला विचारावं, तर ती आईची शपथ घेऊन सांगते की मी बघत होते.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही लगेच सांगून टाकते, नाहीतर मला झोप लागणार नाही. काही मुलींची नजर दमल्यावर उलट जास्त भिरभिरते, कुठेच टिकत नाही. बरीच वर्षं खेळलेल्यांचं कमी बिघडतं. एका मैदानावरच्या मूठभर मुलींवरून सगळ्या जगाबद्दल बोलू नये, एवढं मला कळतं. पण आमच्या मुलींपुरतं मी स्वतः, पुन्हा पुन्हा, पाहिलं आहे की शरीर थकलं की नजर थकते, आणि ज्याची थकते त्याला ते कळत नाही.

आता ती मुलगी. ती आपल्या छाणीचीच, वडील रेल्वेत, माझ्याशी मराठी बोलते आणि बाकी सगळ्यांशी आपल्या बडोद्याच्या पोरी बोलतात तसं गुजराती-हिंदीचं काहीतरी. मैदानाच्या मधोमध खेळते, म्हणजे तिला चारी बाजूंनी बघावं लागतं. संघ राज्याच्या स्पर्धेला जायचा आहे. पहिला निम्मा खेळ ती इतका सुंदर खेळते की मला पाणी प्यायचं सुचत नाही. शेवटी शेवटी मात्र तिच्या मागून कोणीतरी येतं आणि बॉल काढून नेतं, दर वेळी. आमचे कोच सर, स्वतः एके काळी चांगले खेळलेले, आता पोट सुटलेले, तिला संघातून काढायला निघाले होते. त्यांना कारण हवं होतं आणि ते माझ्या अहवालात हवं होतं. "बेन, एक लीटी लखी नाखो ने," ते म्हणाले, "के बेदरकार छे." एक ओळ लिहून टाका की निष्काळजी आहे. बाकीचं ते बघून घेणार होते.

निष्काळजी. बाबा, हा शब्द आपल्या घरात कसा आला ते तुम्हाला ठाऊक आहे.

चौथीपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. शहरातली मराठी शाळा लांब पडत होती आणि गुजराती शाळेत घालायला तुम्ही तयार नव्हता. शेजारचे जोशीकाका असोत की पटेलबेन, सगळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं. तुम्ही म्हणालात, दोन माणसं घरात आहेत ती काय नुसती जेवायला आहेत? मग आई मला वाचायला शिकवायची, पोळ्या लाटता लाटता, पीठ लागलेल्या बोटाने ओळीवर खूण करत, त्यामुळे माझ्या सगळ्या पुस्तकांत पिठाच्या रेघा होत्या. गणित आणि बाकी सगळं तुमच्याकडे. तुमचं बाकी सगळं म्हणजे एकच विषय होता. तुम्ही विचारायचा, गच्चीवरची टाकी किती भरली आहे? मी म्हणायचे, अर्धी. "बघून आलीस?" "काल अर्धी होती." "मी कालचं विचारलं का?" की मे महिन्याच्या दुपारी मी अनवाणी गच्चीवर. तळपाय भाजायचे, मी उड्या मारत टाकीत डोकावायचे आणि उड्या मारत खाली यायचे. टाकी खरंच अर्धी असायची. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. "अर्धी आहे हे तुला आत्ता कळलं. मघाशी तू नुसतं बोललीस."

हे तुम्ही नंदेसरीच्या केमिकल कारखान्यातून घेऊन यायचात, कपड्यांच्या त्या आंबूस वासाबरोबर. तुमच्या प्लांटमध्ये दर तासाला टाक्यांजवळ जाऊन काचेतली पातळी बघायची आणि लिहायची, हे तुमचं काम. काहीजण ते केबिनमध्ये बसूनच उरकायचे. जेवताना तुम्ही त्यांच्या नकला करायचा. "आमच्यात एक आहे, चहा पिता पिता चारही टाक्यांची लेव्हल सांगतो. ज्योतिषी आहे. माझीही पत्रिका दाखवावी म्हणतो त्याला." आई हसून हसून पदर तोंडाला लावायची. मीसुद्धा. मला वाटायचं, माझे बाबा खुर्चीत बसून खोटं न लिहिणारे एकटेच आहेत. मला अजूनही तसंच वाटतं, आणि माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे. तुम्ही लबाड असतात तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पहिली पाळी करून बसने घरी आलात की चहा, आणि चहा झाला की मैदान. मैदान कसलं, सोसायटीच्या मागचा मोकळा तुकडा. म्हशी बसलेल्या असायच्या, त्यांना तुम्ही "चलो मॅडम, उठा" म्हणून उठवायचा. उत्तरायणाचे, संक्रांतीचे पतंग उडवून झाले की महिनाभर तिथे मांजा पसरलेला असे, पायात अडकून कापू नये म्हणून आपण दोघं आधी तो वेचायचो. मग तुम्ही मला पळवायचा. बॉल आधी नाही, पळणं आधी, कारण मॅच दमल्यावरच हरतात, असं तुमचं म्हणणं. ते खरं आहे, बाबा, मी आता पगार घेऊन तेच करते. पळून झालं की मी पंपाच्या खोलीच्या भिंतीवर बॉल मारायचा, तो परत यायच्या आत मान वळवून तुमच्याकडे बघायचं, आणि तुम्ही मागे उभे राहून किती बोटं वर केली आहेत ते ओरडून सांगायचं. सुरुवातीला माझं कधी चुकायचं नाही. मग श्वास लागायला लागला, की चुकायचं. मग तुम्ही म्हणायचा, "वर बघ." आणखी चुकलं की, "वर बघ, बाई, पायात काय सोनं पुरलंय?"

एक संध्याकाळ आहे जी माझ्या डोक्यातून जात नाही. मी दहा-अकरा वर्षांची असेन. सोसायटीतल्या बायका भाजी घेऊन येताना थांबल्या आहेत, कारण एक मुलगी फुटबॉल खेळते ही तेव्हा बघण्यासारखी गोष्ट होती. माझ्या बरगडीखाली कळ येते आहे. भिंतीवरून बॉल परत येतो आहे. मी मान वळवते, निदान मला वाटतं की मी वळवते, आणि ओरडते, "तीन!" बॉल माझ्या पायाला लागून म्हशींकडे जातो. मी वळून बघते तर तुमचे दोन्ही हात पँटच्या खिशात. "हात बाहेरच काढला नव्हता," तुम्ही म्हणता. "तीन कुठून आणलेस? पंचांगातून?" बायका हसतात. पटेलबेन म्हणतात, "जवा दो ने भाई, छोकरी थाकी गई छे." जाऊ द्या, पोरगी दमली आहे. त्या एवढ्या जणांत एकट्या त्यांनाच दिसलं होतं. आणि तुम्ही माझ्याजवळ येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात, म्हणता, "दमतात सगळेच. दमल्यावर माणूस खरा कळतो. दमल्यावर खोटं बोलतेस, म्हणजे तू मुळातच खोटी आहेस."

मला तीन बोटं दिसली होती. मी हे तेव्हा सांगितलं नाही, कारण खिशातल्या हाताची बोटं दिसली म्हणणारीला तुम्ही वेडी ठरवलं असतं. पण मला दिसली होती, बाबा. आधीच्या खेपेला तुम्ही तीन केली असणार, आणि दमलेल्या डोक्याने तीच पुन्हा वापरली. मी वळलेच नसणार. मान वळली असेल, डोळे बॉलवरच राहिले असतील. असं होतं, मी संगणकावर रोज बघते. ते खोटं नव्हतं. तुम्ही दहा वर्षांच्या पोरीला तिच्या दमलेल्या डोळ्यांवरून खोटी ठरवलंत, आणि नंतर घरी येऊन पोटभर भात खाल्लात. मी अजून घराला कुलूप लावलं की ओढून बघते, जिना उतरते, परत चढून ओढून बघते. अहवालातला प्रत्येक आकडा मूळ नोंदीशी इतक्या वेळा ताडते की बरोबरच्या मुली म्हणतात, दीदी, तो आकडा आता लाजला. त्या हसतात, मीही हसते. पण त्या गेल्या की मी तो आकडा पुन्हा ताडते. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवणं मी तुमच्याकडून शिकले. तुम्हाला शिकवायचं होतं ते याच्या नेमकं उलट.

आणि मग तो उत्तरायणाचा दिवस. तुम्ही तो घरात कोणाला बोलू दिला नाहीत, तर आता मी बोलते. अर्धा प्लांट पतंग उडवायला रजेवर होता. रात्रपाळी संपली तरी सकाळी तुमच्या जागी येणारा आला नाही, म्हणून तुम्हाला थांबवून घेतलं. डबल ड्यूटी. त्या आठवड्यातली पहिली नव्हती. दुसऱ्या पाळीच्या अखेरीस एक टाकी भरून वाहिली आणि तिच्याजवळ धावत गेलात तेव्हा ॲसिड तुमच्या हातावर उडालं. इतर कोणाला काही झालं नाही. तुम्ही हाताला पट्टी बांधून घरी आलात तेव्हा सगळ्या गच्च्यांवर लाउडस्पीकर लागले होते, पतंग कापला की माणसं "काप्यो छे" म्हणून किंचाळत होती, आणि आपल्या बाहेरच्या खोलीत तुम्हाला सोडायला आलेले साहेब आणि तुमच्या पाळीतले एक काका तिळाची चिक्की हातात धरून बसले होते. कोणी खात नव्हतं. मी दारात उभी होते. तुम्ही आधी आईला म्हणालात, तेवढं मी ऐकलं. "मला आठवतंय, मी काच पाहिली होती. लेव्हल अर्ध्याच्या खाली होती." आई म्हणाली, "मग तसं सांगा ना." तुम्ही पट्टीकडे बघत म्हणालात, "पाहिली असती तर भरून वाहिली कशी असती?" मग बाहेर येऊन साहेबांना म्हणालात, "मी पाहिलं नाही. लक्ष नव्हतं. चूक माझी."

काका चुळबुळले. ते म्हणाले, "भाऊ, डबल हती ए तो लखावो. बे पाळी खेंची छे तमे." दोन पाळ्या ओढल्या आहेत तुम्ही, ते तरी लिहायला सांगा. साहेब चिक्कीकडे बघत होते. आणि तुम्ही, माझे बाबा, मला मैदानावर सांगितलेलं वाक्य त्यांना सांगितलंत. "दमतात सगळेच." संपलं. साहेबांनी कागदावर निष्काळजीपणा लिहिला, तुम्ही पट्टी नसलेल्या हाताने सही केलीत, त्यांचं काम झालं. तुम्हाला प्लांटवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. नटबोल्ट मोजायला. माणूस का थांबवून घेतला, बदलीचा माणूस का आला नाही, आठवड्यात किती वेळा थांबवलं, हे कोणालाही विचारावं लागलं नाही, कारण तुम्ही त्यांना उत्तर तयार करून दिलं होतंत, स्वच्छ, एका ओळीत. ते दोघं गेल्यावर ती चिक्की ताटलीत तशीच होती.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला तुमचा अभिमान वाटला. हे मला आता सहन होत नाही. मला वाटलं, बघा, माझे बाबा, स्वतःची चूकसुद्धा कबूल करतात. तुम्ही अर्धंच सांगितलं होतंत, बाबा. मी टाकी अर्धी म्हटल्यावर मला तापलेल्या गच्चीवर धाडणारा माणूस स्वतः अर्धं रीडिंग देऊन सही करून आला. टाकी भरली, हे एक. तुम्ही कालपासून उभे होतात, हे दुसरं. दुसरं कुठे गेलं? ते लिहायला लाज वाटली? की तुम्ही खरंच मानत होतात की दमणं हे कारण नसतं, फक्त निमित्त असतं, आणि खरा माणूस निमित्त सांगत नाही? मला कोणी सांगावं, यात खरेपणा कोणता आहे. मी तिथे नव्हते. कदाचित काच मळकी असेल, कदाचित व्हॉल्व्ह गळत असेल, कदाचित तुम्ही खरंच पाहिलं नसेल. त्यातलं काही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ते तुम्हालाही सांगता येत नव्हतं! तुमच्या डोळ्यांना एक आठवत होतं आणि तुम्ही साहेबांच्या बाजूने जाऊन आपल्या डोळ्यांना खोटं पाडलंत. माझ्या डोळ्यांना पाडलं होतंत तसंच.

त्यानंतर तुम्ही मैदानावर आला नाहीत. बॉल माळ्यावर गेला. स्टोअरमधून परत आलात की कपड्यांना वास यायचा नाही, आणि तुम्ही नकला करायचं बंद केलंत. दोन वर्षांनी छातीत कळ येऊन गेलात, तेव्हा भेटायला आलेल्या नातेवाइकांना आई एक गोष्ट न चुकता सांगत होती, की फार सच्चा माणूस, त्या दिवशी लक्ष नव्हतं, तर नव्हतं म्हणून सरळ सांगून मोकळे झाले. ती आजही तसंच सांगते. नवा कोणी घरी आला आणि तुमच्या फोटोकडे बघून विचारलं की सांगते. तुमच्या सच्चेपणाचा दाखला म्हणून तुमचा निष्काळजीपणा सांगते.

तर आता गेल्या आठवड्याची गोष्ट. सरावाची मॅच चालू होती, शेवटचा भाग. त्या मुलीच्या मागून बॉल गेला. सरांनी शिट्टी मारली आणि सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. "पीछे कौन थी? देखा?" "देखा सर," ती म्हणाली. गुडघ्यांवर हात टेकून उभी होती, केसांतून घाम गळत होता. "देखा? देखा तो गया कैसे? आंखें घर पे रखके आई है?" बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. कोणीतरी म्हणालं, "सर, उसको चश्मा लगाओ, दीदीवाला." मग मुलगी मान खाली घालून म्हणाली, "नहीं देखा सर. ध्यान नहीं था. मेरी गलती है." आणि ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. तिला आठवत होतं की तिने पाहिलं आहे, आणि ती ते सोडून देत होती.

मी, जी रिक्षावाल्याला वळण चुकलं तरी सांगत नाही, गल्लीचं दुसरं टोक येईपर्यंत बसून राहते आणि चालत मागे येते, ती मी मैदानात शिरले. "हे परत घे," मी तिला मराठीतच ओरडून सांगितलं. "चूक तुझी आहे असं तू का म्हणतेस? तुला माहीत आहे का? तू पाहिलंस का, न बघताना?" हे वाक्य किती वेड्यासारखं होतं ते मला आत्ता लिहिताना कळतंय. मुलगी घाबरून रडायला लागली. सर म्हणाले, "ओ बेन. आप मशीन संभालो. टीम हम संभालेंगे." मी त्यांना ओढतच संगणकापाशी नेलं आणि तिची दोन्ही चित्रणं दाखवली, ताज्या दमाची आणि पळाल्यानंतरची. माशी उडताना, माशी बसलेली. सरांनी शांतपणे पाहिलं, त्यांना श्रेय द्यायला हवं. मग म्हणाले, "बहाना छे आ बधुं. थाकता तो अमे पण हता. अमे जोता हता." ही सगळी निमित्तं. आम्हीही दमायचो, पण आम्ही बघत होतो.

दमतात सगळेच. बाबा, मला क्षणभर तुमचा आवाज ऐकू आला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, मग तुम्हीच घाला चष्मा."

मुलींना एवढंच हवं होतं. "हां सर! पहनो सर! सर हीरो लगेंगे!" सरांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. ते आधी ताजे खेळले, आणि खरंच सुंदर खेळले, मान वळवत, मागचं पुढचं बघत. मग मी त्यांना पळायला लावलं, मुलींना लावते तसंच. मैदानाच्या कडेने ते धापा टाकत येत होते आणि मुली टाळ्या पिटत होत्या. "सर, पेट पहुंच गया, अब आप भी आ जाओ!" चेहरा लाल झाल्यावर त्यांना पुन्हा खेळायला उतरवलं. त्यांच्या मागे, डाव्या हाताला, ती मुलगी मोकळी उभी होती, हात वर करून. त्यांनी तिला एकदाही बॉल दिला नाही. समोर गर्दीत मारत राहिले, आणि मागून येऊन मुली बॉल काढून नेत राहिल्या.

बाकावर बसून पाणी पिताना मी विचारलं, "सर, डावीकडे मागे कोण होतं?" "कोई नहीं," ते म्हणाले. "खाली था. मैंने देखा था." मी चित्रण लावलं. लाल ठिपका बॉलवर, पायांवर, बॉलवर, गवतावर, बॉलवर. एकदा मान वळली, दृश्यात मागची मुलगी हात वर करून आलीसुद्धा, आणि ठिपका तिच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच बॉलकडे परत गेला. सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. "पण मी पाहिलं होतं, बेन," ते गुजरातीत म्हणाले, आवाज अगदी लहान होऊन, "मने याद छे. सोगंद थी." मला आठवतंय, शपथ घेऊन सांगतो.

त्यांनी मुलीची माफी मागितली नाही. तसे ते नाहीत. पण दुसऱ्या दिवशी संघात ती होती, आणि सरांनी एक नवा नियम केला. शेवटच्या भागात ज्या मागे असतील त्यांनी पुढच्या दमलेलीला ओरडून सांगायचं, मागे कोण आहे ते. "उसकी आंख थक गई तो तुम्हारा मुंह थका है क्या?" आता संध्याकाळी वासण्याच्या त्या मैदानावर नुसता कालवा असतो. पीछे है, पीछे है, बाएं खाली है, दे, दे. मुलगी मान न वळवता पास देते आणि तो बरोबर पोहोचतो. माझ्या अहवालात मी निष्काळजी हा शब्द लिहिला नाही. काय दिसलं ते लिहिलं, कधी दिसलं ते लिहिलं, आणि त्याआधी ती किती पळाली होती तेही लिहिलं.

त्या कालव्यात उभी असते तेव्हा मला सगळ्यात जास्त राग येतो. इतकं सोपं होतं. त्या दिवशी एका माणसाने तुम्हाला हाक मारायला हवी होती, भाऊ, ती टाकी बघा. एक माणूस तुमच्या मागे असायला हवा होता. तो नव्हता कारण तो पतंग उडवत होता, आणि तो नसताना तुम्हाला एकट्याला उभं करणाऱ्या माणसाला तुम्ही आमच्या घरात बसवून चिक्की दिलीत आणि म्हणालात, चूक माझी. आणि काका मागून हाक मारत होते ना, नंतर तरी, बाहेरच्या खोलीत? डबल होती ते लिहायला सांगा. तुम्ही तीही ऐकली नाहीत.

हे पत्र जायचं कुठे नाही, ते मला माहीत आहे. पण तुम्हाला लिहिताना मी एक गोष्ट टाळते आहे, ती लिहून थांबते. यातलं एक अक्षरही तुम्हाला कळून आता काही होणार नाही. ज्या माणसाला हे सांगायला हवं ते माणूस म्हणजे आई, पलीकडच्या खोलीत मेथी निवडत बसली आहे. तिला सांगितलं तर ती विचारेल, मग ते तेव्हा साहेबांना का नाही बोलले? किंवा ती काहीच विचारणार नाही, आणि पुढच्या वेळी तुमच्या फोटोकडे बघून कोणी विचारलं तर तिला सांगायला काही उरणार नाही. तुमच्यावर रागावणं मला जमलं, कारण तुम्ही ऐकत नाही. तिच्यासमोर तोंड उघडायची माझी अजून छाती होत नाही. मघाशी ती दारात येऊन विचारून गेली, एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, अकादमीचं काम आहे.